छर्रा कोणता घ्यावा?

दिवाळी जवळ आली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग पालटतो. यंदा मालवणहून एका गृहस्थांनी विचारले आहे, "मुंबयसून भाच्याक छर्‍याची बंदूक आणलंय. ससो, कवडो मारूक छर्रे खयचे बरे?" मामाने भाच्याला बंदूक आणावी यात नवल नाही. सुटीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात फटाक्यांच्या शेजारी अशी एखादी लांबट खोकी दिसतेच. पण पत्रात दोन प्रश्न आहेत. छर्रा कोणता, हा एक. आणि ससा-कवडा, हा दुसरा. आम्ही दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यावरच पहिल्याचे अवलंबून आहे.

ससा मारता येत नाही. कवडा नाही, होला नाही, रानकोंबडा नाही, वडाची फळे खायला येणारी हरोळी तर नाहीच नाही. ती आपल्या राज्याचा मानाचा पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'छोटी शिकार' असा एक वर्ग होता आणि त्यासाठी रीतसर परवाना मिळत असे. पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या डोक्यात अजून तोच काळ आहे. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने संपले. कावळा, वटवाघूळ, उंदीर यांच्यासाठी उपद्रवी प्राण्यांचे एक निराळे परिशिष्ट होते. २०२२ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, तेही गेले. शिवाय कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. जखमी करणे, फासे लावणे, नुसता प्रयत्न करणेही शिकारच. 'नेम चुकला हो साहेब' ही सबब तिथे चालत नाही. साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

इथे काही वाचक म्हणतील, बंदुकीला तर परवाना लागत नाही, मग? खरे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतचा जोर असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. पण बंदूक बाळगण्याची मोकळीक म्हणजे तिने काहीही मारण्याची मोकळीक नव्हे. सुरी घरोघर असते.

कायदा घटकाभर बाजूला ठेवा आणि छर्‍याचेच गणित पाहा. ४.५ मिलिमीटरचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. सेकंदाला २०० मीटर वेगाने तो सुटला तर त्याचा जोर होतो १० ज्यूल, आणि पुढे हवा तो जोर खातच जाते. एवढ्यावर ससा जागच्या जागी पडायचा तर छर्रा नेमका डोक्यात, रुपयाएवढ्या जागेत बसायला हवा. तसा नेम हलत्या जनावरावर, संधिप्रकाशात, चौदा वर्षांच्या मुलाचा बसेल? छर्रा पोटात किंवा पायात बसतो, ससा करवंदीच्या जाळीत शिरतो आणि तिथे दोन दिवसांनी मरतो. मुलाला वाटते, चुकला. बागेतल्या माकडांचेही तेच. माडावरचे शहाळे पाडणाऱ्या माकडाचा राग आम्हांला समजतो, पण छर्‍याने ते मरत नाही, पळते. छर्रा मात्र कातडीखाली राहून जखम चिघळते. ज्यांची बागायत खरोखर उठली आहे त्यांनी वनखात्याकडे लेखी तक्रार करून भरपाईच्या मागे लागावे. तो रस्ता लांबचा आहे, हे कबूल.

इंग्लंडात हवेच्या बंदुकीने 'रॅबिट' मारतात, त्यांची पुस्तके वाचून इथले हौशी भुलतात. पण तिथला रॅबिट बिळात राहणारा, बाहेरून आणलेला, शेतीचा उघड शत्रू. आपला रानससा वेगळ्या जातीचा. तो बीळ करीत नाही, गवतात दबून बसतो. आणि कोणी सलीम अलींचा दाखला देईल, की त्यांनीही लहानपणी अशाच बंदुकीने चिमणी पाडली होती. पाडली होती, विसाव्या शतकाच्या आरंभी. पण ती पाडल्याने ते पक्षीशास्त्रज्ञ झाले नाहीत. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, तो कसला हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, म्हणून झाले.

तर आता पहिला प्रश्न. भाच्याला कागदावर नेम धरायचा असेल, तर छर्रा सपाट तोंडाचा घ्यावा. छर्रा म्हणजे शिशाचा चिमुकला डमरू: पुढे डोके, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. हवेच्या दाबाने घेर फुलून नळीला घट्ट बसतो, आतले पीळ त्याला फिरकी देतात आणि त्या फिरकीने तो सरळ जातो. टोकदार छर्रा दुकानात झोकदार दिसतो, पण टोक जरा वाकडे असले की नेम गेला. गोल डोक्याचा लांबवर बरा. सपाट डोक्याचा मात्र कागदाला सुबक गोल भोक पाडतो, त्यामुळे गुण मोजताना भांडण होत नाही. दहा मीटरच्या स्पर्धांत म्हणूनच तो वापरतात. तिथल्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका किती असतो, माहीत आहे? अर्धा मिलिमीटर! २०२२ साली कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात जगज्जेता झाला.

डबीवर डोक्याचे माप लिहिलेले असते, ४.४९, ४.५० किंवा ४.५१. यातले श्रेष्ठ कोणते, असे विचारू नये. प्रत्येक नळीची आवड निराळी. दोन-तीन प्रकारच्या लहान डब्या आणाव्यात. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा मीटरवरून प्रत्येकीतले पाच-पाच छर्रे एकाच खुणेवर सोडावेत आणि भोके मोजावीत. ज्या डबीची भोके एकमेकांना सर्वांत जवळ, ती आपली. ती खुणेवर बसली नाहीत तरी हरकत नाही, ते काम नेमाच्या स्क्रूचे. आणलेले छर्रे आरशावर हळूच घरंगळत सोडावेत. जो अडखळत जातो त्याचा घेर चेपलेला. तो टाकावा. जमिनीवर पडलेला, एकदा उडवलेला छर्रा पुन्हा वापरू नये, आणि पोलादी गोळ्या तर पिळाच्या नळीत कधीच घालू नयेत. छर्‍याशिवाय नुसता चापही ओढू नये. स्प्रिंगची बंदूक त्याने खिळखिळी होते.

मालवणला आणखी एक व्याधी आहे, ती खाऱ्या हवेची. नळीवर गंज चढतो, शिशावर पांढरी भुकटी येते. डबी घट्ट झाकून कोरड्या जागी ठेवावी, नळी तेलाच्या फडक्याने पुसावी. शिसे विषारी आहे. मुले छर्रे ओठांत धरतात, ते सक्त बंद. आणि हात धुतल्याखेरीज फराळाला हात लावू देऊ नये. नेमबाजी सकाळी करावी, दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की अर्ध्या ग्रॅमचा छर्रा त्यापुढे पाचोळा. चिऱ्याच्या गडग्यावर लक्ष्य कदापि लावू नये. छर्रा उसळून परत येतो आणि तो डोळ्याच्याच उंचीवर येतो. मातीने गच्च भरलेले पोते मागे ठेवावे, मागून कोणाची वाट जात नाही ना ते पाहावे, घरातले मोठे माणूस शेजारी असावे. संध्याकाळी पोत्यातले शिसे वेचून घ्यावे, विहिरीकडे जाऊ देऊ नये.

कागद संपले तर चावदिवसाला फोडून उरलेली कारिटे आहेतच. पोत्यापुढे सुंभाने टांगावीत. वाऱ्यावर डुलणारे कारीट दहा मीटरवरून फोडून दाखवणे मोठ्यांनाही सहजासहजी जमत नाही. मामांनी आधी स्वतः करून पाहावे.