स्थिर, पण निरुपद्रवी नव्हे

पेट्रोलमधील बेंझीनच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे कडे असते. पुस्तकात त्यात एकेरी-दुहेरी बंध आलटूनपालटून दाखवतात. प्रत्यक्षात दुहेरी बंधांचे सहा इलेक्ट्रॉन साऱ्या कड्यावर पसरलेले असतात, सर्व बंध सारख्याच लांबीचे असतात. या रेझोनन्समुळेच रेणू स्थिर राहतो.

मात्र स्थिर म्हणजे निरुपद्रवी नव्हे. शरीरात बेंझीनपासून तयार होणारी द्रव्ये अस्थिमज्जेला इजा करतात. रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. देशात पेट्रोलमधील बेंझीनची मर्यादा १ टक्का आहे. पण वाहनचालक पंपावर काही मिनिटे थांबतो, कर्मचारी दिवसभर ती वाफ घेतो. वाफ परत खेचणारी यंत्रणा चालू ठेवणे आणि कर्मचाऱ्यांची नियमित रक्ततपासणी करणे, ही मेहेरबानी नव्हे, कर्तव्य आहे.