रिक्त जागा कोणाची?

आमदाराचे निधन झाले की विधानसभेतील त्याची जागा रिक्त होते आणि एक मतदारसंघ मुका होतो. हे मुकेपण लांबू नये म्हणून १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली कलम १५१-अ घालण्यात आले. जागा रिक्त झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक झालीच पाहिजे, असे ते सांगते. उर्वरित मुदत एक वर्षाहून कमी असेल, किंवा निवडणूक घेणे कठीण असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले, तरच त्यातून सूट मिळते. कायद्याचा हेतू निर्मळ आहे. जागा जनतेची आहे आणि ती जनतेकडे लवकर परत यावी, एवढाच त्याचा अर्थ.

मृत्यूवर कोणाचा अधिकार चालत नाही. परंतु जागा रिक्त करण्याचे अन्य मार्गही आहेत, आणि ते पूर्णपणे मनुष्याच्या हातचे आहेत. गोमंतकाने गेल्या काही वर्षांत हे सर्व मार्ग पाहिले. चाळीस जागांची ही विधानसभा. एकेक मतदारसंघ सरासरी तीस हजारांहून कमी मतदारांचा. इतक्या लहान घरात काय हलले, ते सर्वांना दिसते. म्हणूनच आम्ही गोव्याचे उदाहरण घेत आहोत.

मार्च २०१७ मध्ये वाळपईचे नवनिर्वाचित काँग्रेस आमदार विश्वजित राणे यांनी राजीनामा दिला. निवडणुकीचा निकाल लागून महिनाही लोटला नव्हता. एप्रिलमध्ये ते भाजपच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले आणि ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक जिंकून पुन्हा आमदार झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये शिरोडा व मांद्रे येथील काँग्रेस आमदारांनी तोच मार्ग धरला. एप्रिल २०१९ च्या पोटनिवडणुकीत तेच दोघे भाजपच्या चिन्हावर निवडून आले. त्याच दिवशी म्हापशातही मतदान झाले. मात्र तेथील जागा आमदाराच्या निधनाने रिक्त झाली होती. एकाच दिवशी, एकाच कायद्याखाली, शोकाने रिक्त झालेली जागा आणि सोयीने रिक्त केलेली जागा भरली गेली. कायद्याला या दोहोंतला भेद दिसला नाही. आमचा पहिला आक्षेप येथेच आहे.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. राजीनामा देऊन तो माणूस पुन्हा जनतेच्या न्यायालयात गेला, जनतेने त्याला निवडले; मग तुमची तक्रार कशासाठी? कर्नाटकाचा दाखलाही दिला जातो. तेथे जुलै २०१९ मध्ये सतरा आमदार अपात्र ठरले. विधानसभेची मुदत संपेपर्यंत त्यांना निवडणूक लढवता येणार नाही, असा विधानसभाध्यक्षांचा निर्णय होता. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, परंतु निवडणूकबंदी रद्द केली. डिसेंबरमध्ये पंधरा जागांसाठी मतदान झाले. त्यांपैकी बारा भाजपने जिंकल्या. जनतेने क्षमा केली, असे म्हणून विषय मिटवला जातो.

आम्हाला हे मान्य नाही. पोटनिवडणुकीत मतदारापुढे सरकार निवडण्याचा प्रश्न नसतो. सरकार आधीच बसलेले असते. उमेदवार मंत्री असतो, किंवा मंत्रिपदाच्या उंबरठ्यावर असतो. रस्ता हवा, नळ हवा, मुलाला नोकरी हवी, तर मत कोठे द्यावे हे मतदाराला न सांगताही कळते. अशा मताला कौल जरूर म्हणावे. क्षमापत्र म्हणू नये.

आणि जनतेच्या न्यायालयावर एवढा विश्वास असेल, तर पुढची हकीकत कशी समजावी? मार्च २०१९ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या निधनाने पणजीची जागा रिक्त झाली. १९ मे रोजी मतदान झाले, २३ मे रोजी निकाल लागला. पंचवीस वर्षे भाजपकडे असलेली जागा पणजीकरांनी काँग्रेसला दिली. १० जुलै रोजी, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांनी, तेच आमदार आणखी नऊ जणांसह भाजपमध्ये गेले. काँग्रेसचे आमदार तेव्हा पंधरा होते. दहाव्या परिशिष्टानुसार विलीनीकरणाला दोन-तृतीयांश, म्हणजे नेमके दहा लागत होते. वाचकांनी हिशेब करून पाहावा: पणजीची जागा वगळली तर उरतात चौदांपैकी नऊ, तेवढ्याने दोन-तृतीयांश होत नाहीत. विरोधी पक्षाला बळ द्यावे म्हणून पणजीने दिलेले मत, त्याच पक्षाला फोडणारे दहावे माप ठरले. त्यानंतर एकही जागा रिक्त झाली नाही, एकही पोटनिवडणूक झाली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही या आमदारांना अपात्र ठरवण्यास नकार दिला.

त्याच वर्षी जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा येथे पक्षनिष्ठेच्या शपथा घेतल्या होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये अकरांपैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. क्रुसापुढे उच्चारलेला शब्द आमच्या समाजात हलका मानला जात नाही. परंतु आमचा रोष केवळ त्या आठ जणांवर नाही. ज्या प्रजासत्ताकात कायद्याचे काम देवाच्या साक्षीवर सोपवावे लागते, तेथे कायद्यातच भगदाड आहे.

एकटा गेला तर राजीनामा आणि पोटनिवडणूक. घोळक्याने गेला तर तीही नाही. दोन्ही वाटांवर जागा आमदाराची खासगी मिळकत ठरते. आमची मागणी सरळ आहे. एक, पक्ष सोडणारा एकटा असो वा दोन-तृतीयांशांत असो, त्याची जागा रिक्त झालीच पाहिजे. विलीनीकरणाचा आडोसा संसदेने काढून टाकावा. दोन, ज्याने पक्षांतरासाठी जागा रिक्त केली, त्याला त्या विधानसभेच्या मुदतीत ती किंवा दुसरी जागा लढवता येऊ नये. यासाठी घटनादुरुस्ती लागेल, ती करावी.

कोणाची सदसद्विवेकबुद्धी खरोखर जागी झाली असेल, तर त्याला पक्ष सोडण्यापासून आम्ही रोखू इच्छीत नाही. त्याने जरूर जावे, रिकाम्या हाताने जावे आणि पुढील सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत थांबावे. खऱ्या विवेकाला मंत्रिपदाच्या शपथविधीची घाई नसते.