शस्त्रक्रिया यशस्वी, कामगार मात्र बेकार!

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या पट्ट्यातील पंचतारांकित रुग्णालयांच्या प्रचारात आता कृत्रिम खांद्यालाही मानाचे स्थान मिळाले आहे. गुडघा झाला, खुबा झाला, आता खांदा! पूर्वीसारखे आयुष्य परत मिळेल, असे आश्वासन दिले जाते. शस्त्रविद्येची ही प्रगती नाकारण्याचे आम्हांला काहीच कारण नाही. श्रमिक वर्ग विज्ञानाचा वैरी कधीच नव्हता. प्रश्न एवढाच की, हे पूर्वीसारखे आयुष्य कोणाचे? खारी बावलीत मसाल्याची आणि आझादपूर मंडईत बटाट्याची पोती ज्याच्या खांद्यावर चढतात त्या पल्लेदाराचे, म्हणजे आपल्याकडच्या हमालाचे, की ज्याला फार तर गोल्फची काठी फिरवावयाची आहे त्याचे?

वास्तविक कृत्रिम खांद्याचा जन्मच श्रमिकाच्या शरीरात झाला. १८९३ साली पॅरिसमध्ये ज्यूल पेआं या शल्यविशारदाने क्षयाने खांदा सडलेल्या एका ३७ वर्षांच्या पावभट्टीवाल्याला प्लॅटिनम व रबर यांचा सांधा बसविला. दोन वर्षांनी जंतुदोषामुळे तो काढावा लागला. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स नीअर यांनी धातूचा सांधा रूढ केला. १९८५च्या सुमारास फ्रान्समध्ये पॉल ग्रामों यांनी 'उलटा' सांधा बनविला. त्यात गोळा फऱ्याच्या हाडावर आणि वाटी दंडाच्या हाडावर बसते. हात फिरविणारे आतले स्नायू कायमचे फाटलेले असले तरी खांद्यावरचा मोठा स्नायू हात वर उचलू शकतो. वेदना कमी होते, हात डोक्यापर्यंत जातो. हे यश खरे आहे.

परंतु शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची असते. खरी लढाई त्यानंतरची. साधारणतः चार ते सहा आठवडे हात झोळीत. स्नायू कापून पुन्हा शिवलेला असल्यास तो जुळून येईपर्यंत हात स्वतःच्या जोराने उचलावयाचा नाही, दुसऱ्याने किंवा दुसऱ्या हाताने हलवावयाचा. त्या हातावर भार देऊन उठावयाचे नाही, तो पाठीमागे न्यावयाचा नाही. मग हळूहळू स्वबळावर हालचाल, बाराव्या आठवड्याच्या सुमारास ताकदीचे व्यायाम, आणि सुधारणा त्यानंतरही सहा महिने, वर्षभर चालू राहते. हे सारे नीट पार पडल्यावरही अनेक शल्यविशारद जन्मभराची अट घालतात: दहा-बारा किलोंपलीकडचे ओझे वारंवार उचलू नये. धान्याचे पोते पन्नास किलोंचे असते! म्हणजे पल्लेदाराच्या बाबतीत 'यशस्वी' शस्त्रक्रियेचा अर्थ धंदा संपला असाच होतो. तरुण कष्टकऱ्याला तर सांधा लवकर सैल होईल म्हणून डॉक्टर तो सहसा देतच नाहीत. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यही आहे. पण तोवर त्याने वेदनेसह पोती वाहत राहावे काय, हे मात्र कोणी सांगत नाही.

आता राज्यकर्त्यांची तथाकथित कल्याणकारी व्यवस्था या कालावधीशी ताडून पाहू. २०१८ साली सुरू झालेली आणि एप्रिल २०२५मध्ये दिल्लीनेही स्वीकारलेली आयुष्मान भारत योजना रुग्णालयातून सुटल्यानंतरचा खर्च धरते पंधरा दिवसांचा. हात अजून झोळीत असतो आणि योजना संपलेली असते! कामगार राज्य विमा योजना १९५२मध्ये दिल्ली आणि कानपूर येथेच प्रथम सुरू झाली. कामगार चळवळीने मिळविलेल्या हक्कांत तिचे मोल मोठे आहे आणि तिचे रक्षण केलेच पाहिजे. परंतु तीतही आजारपणाचा भत्ता म्हणजे वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवस. ठरावीक दीर्घ रोगांच्या यादीत बसल्यासच पुढे वाढ. कामावरील अपघात असेल तर ९० टक्के मिळतात आणि दिवसांची मर्यादा नसते. पण वीस वर्षे ओझे वाहून झिजलेला सांधा हा 'अपघात' कसा ठरवायचा? मालकाच्या नफ्याची नोंद दररोज होते, खांद्याच्या झिजेची नोंद कोठेच होत नाही. आणि ही चर्चाही कोणासाठी? दरमहा २१,००० रुपयांच्या वेतनमर्यादेत, नोंदणी झालेल्या कामगारासाठी. नगावर मजुरी घेणाऱ्या पल्लेदाराला मालकच नाही, असे व्यापारी सांगतात.

रुग्ण बरा झाला हे ठरते तरी कसे? कॉन्स्टंट आणि मर्ली यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली शंभर गुणांची मोजपट्टी आजही सर्वत्र वापरली जाते. वेदनेला १५ गुण, हालचालीला ४०, ताकदीला २५, दैनंदिन व्यवहाराला २०. या वीसपैकी कामधंद्याला किती? चार. खेळ व करमणुकीला किती? तेही चार! अमेरिकेत प्रचलित असलेल्या दुसऱ्या प्रश्नावलीत कोट घालता येतो काय, चेंडू फेकता येतो काय, असे विचारले जाते. डोक्यावर पाण्याचा हंडा घेता येतो काय, कणीक मळता येते काय, लुगड्याचा पदर मागून ओढता येतो काय, हे त्यात नाही. उलट्या सांध्यानंतर हात पाठीमागे नेणे बऱ्याच जणांना अवघड जाते. शौचानंतर स्वतःची स्वच्छता करता न येणे ही माणसाची केवढी विटंबना आहे, हे भोगणाऱ्यालाच ठाऊक. दोष या डॉक्टरांचा नाही. पण ज्या व्यवस्थेत हात हेच पोट आहे, तेथे ही पट्टी जशीच्या तशी लावून 'उत्तम निकाल' जाहीर करणे ही निव्वळ धूळफेक आहे.

यावर एक आक्षेप येतो. व्यायामासाठी तज्ज्ञाकडे जाण्याची गरजच नाही, घरी केलेल्या व्यायामानेही तितकाच गुण येतो, असे काही अभ्यासांत दिसले आहे ना? होय, दिसले आहे. पण घरी म्हणजे कोठे? दाराच्या चौकटीवर दोरी टाकून दुखऱ्या हाताला सोबतच्या हाताने वर ओढावयाचे, दिवसातून तीन-चारदा, काही आठवडे. कापसहेड्याच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांना ही चौकट कोणती? सदर बाजारच्या हातगाडीवर रात्र काढणाऱ्याला कोणती? आणि मजुरी बुडत असताना हे आठवडे कोण देणार? घरच्या व्यायामाला घर लागते आणि घर चालण्यासाठी पगार लागतो.

कायद्याची मोजपट्टीही अशीच. १९४८च्या विमा कायद्याच्या परिशिष्टात खांद्यातून हात तोडावा लागल्यास कमाईची हानी ९० टक्के धरलेली आहे. हात जागेवर आहे पण वर जात नाही, त्याचे टक्के वैद्यकीय मंडळ ठरवते. हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. दृष्टी मात्र बदलली नाही. वास्तविक डिसेंबर १९७५मध्येच सर्वोच्च न्यायालयाने वाट दाखविली होती. कोपराच्या वरून डावा हात गेलेल्या एका सुताराच्या प्रकरणात, सुतार एका हाताने काम करू शकत नाही, म्हणून त्याची हानी संपूर्ण आहे, असा निर्णय झाला. किती हात उरला हे न पाहता कोणते काम गेले हे पाहिले गेले. हाच न्याय खांद्याला का नको?

पैसा नाही, हे उत्तर आम्हांला ऐकवू नये. दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८मध्ये तपासली, तेव्हा औषधे व इतर साहित्यावर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला. २०१७मध्ये याच प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किंमतीवर मर्यादा घातली. खांदा त्या आदेशात नव्हता. आणि सार्वजनिक क्षेत्राला हे जमत नाही असेही नाही. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने सफदरजंग रुग्णालयात क्रीडापटूंच्या इजांसाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिलेच ना! खेळाडूच्या खांद्यासाठी जे घडू शकते, ते श्रमिकाच्या खांद्यासाठी का घडू नये?

मराठी वाचकांना पर्याय परका नाही. १९६९च्या माथाडी कायद्याने मुंबई-पुण्याच्या हमालाला मंडळ दिले, मजुरीवर व्यापाऱ्यांकडून लेव्ही घेतली, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचार मिळवून दिले. त्यात उणिवा आहेत, बोगस टोळ्यांचा त्रास आहे, हे आपण जाणतो. तरीही देशाच्या राजधानीतील पल्लेदाराला एवढेही नाही.

म्हणून दिल्ली परिसरातील कामगार संघटनांनी पल्लेदारांसाठी माथाडी धर्तीच्या मंडळाची मागणी नेटाने पुढे रेटली पाहिजे. विमा महामंडळाच्या स्थानिक समित्यांवरील प्रतिनिधींनी खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर किमान सहा महिन्यांचा भत्ता, वस्तीजवळ मोफत व्यायामोपचार आणि त्याच मालकाकडे हलके काम, या तीन गोष्टी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर लेखी आणाव्यात. सोबत सुताराच्या निकालाची प्रत जोडावी; ती महामंडळाच्या अधिकाऱ्यांना ठाऊक आहे, पण आपल्या कामगाराला ठाऊक नाही.