उष्णतेचा नवा पेशा आणि त्याचा कारागीर

1863 साली कलकत्ता येथे एका बॉयलरचा स्फोट होऊन जीवितहानी झाली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलरांच्या तपासणीचा कायदा झाला, मागाहून इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, आणि 1923 साली सबंध देशाकरिता एक बॉयलर अधिनियम अस्तित्वात आला. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या अधिनियमाची जागा 2025 साली नव्या अधिनियमाने घेतली. या साऱ्या खटाटोपातून जी एक गोष्ट निष्पन्न झाली तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बॉयलर सांभाळणारा माणूस परीक्षा उतरलेला असला पाहिजे असे ठरले, आणि त्यायोगे एक पेशा जन्मास आला. भट्टीत कोळसा लोटणारा मजूर आणि बॉयलर अटेंडंट यांच्यामध्ये प्रमाणपत्राची रेषा ओढली गेली. प्रमाणपत्रामागून दर्जा आला, दर्जामागून वेतन आले.

आज उष्णता मिळविण्याच्या रीतीच पालटू लागल्या आहेत. कोळसा, फर्नेस ऑइल किंवा लाकूड जाळून जी उष्णता मिळे, ती सूर्यापासून, विजेपासून अथवा वाया जाणाऱ्या उष्णतेपासून मिळविण्याचे प्रयत्न सर्वत्र चालू आहेत. शिर्डीच्या संस्थानात 2009 साली 73 अंतर्वक्र आरशांच्या साहाय्याने वाफ करून प्रसादालयातील अन्न शिजविण्याची योजना उभारली गेली. बंगळूरच्या घराघरांवर पाणी तापविण्याची सौर उपकरणे दिसतात. कारखान्यांमध्ये उष्णता पंपांचा प्रवेश होत आहे. साहजिकच विद्यार्थी व त्यांचे पालक विचारू लागले आहेत की, या क्षेत्रात आयुष्य काढावयाचे असेल तर काय शिकावे? या प्रश्नाला सामान्यतः जे उत्तर दिले जाते ते असे की, अभियांत्रिकीची पदवी घ्यावी, शक्य तर परदेशी जाऊन संशोधन करावे. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे मात्र खचित आहे. या उद्योगाला आज ज्याची खरी वाण आहे तो मनुष्य संशोधक नसून कारागीर आहे. आणि त्या कारागिराला कोणी पेशेवाला मानावयास तयार नाही, हीच त्यातील अडचण आहे.

उष्णता पंप हे यंत्र काही नवे नव्हे. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन या नावाने विख्यात झालेले शास्त्रज्ञ, यांनी 1852 साली त्याची कल्पना मांडली. त्यानंतर थोड्याच वर्षांत पीटर फॉन रिटिंगर यांनी ऑस्ट्रियात मिठाचे पाणी आटविण्याकरिता तत्सम यंत्र चालवून दाखविले. घरातील रेफ्रिजरेटर आतल्या पदार्थांतील उष्णता काढून घेतो व ती मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. त्या जाळीला हात लावून पाहिल्यास ती गरम लागते. उष्णता पंप हेच काम करतो, फरक इतकाच की येथे आपल्याला थंडावा नको असून जाळीवरची ऊब हवी असते. वीज येथे उष्णता निर्माण करण्यासाठी खर्च होत नाही. हवेत किंवा पाण्यात आधीच असलेली उष्णता खालच्या तपमानावरून वरच्या तपमानावर चढविण्यासाठी खर्च होते. रहाटाने पाणी ओढणारा विहिरीत पाणी उत्पन्न करीत नाही, तसेच हे. म्हणून एक युनिट वीज देऊन तीन किंवा चार युनिट उष्णता मिळू शकते.

‘मिळू शकते’ आणि ‘मिळते’ यांत अंतर आहे, आणि त्या अंतरातच या पेशाचे सारे महत्त्व साठलेले आहे. आपल्या देशातील विजेचा मोठा हिस्सा अद्याप कोळशापासून होतो. जाळ्यातून येणाऱ्या एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. साध्या विजेच्या कांडीने पाणी तापविल्यास एका युनिट उष्णतेची ही किंमत पुरती मोजावी लागते. फर्नेस ऑइलवर चालणाऱ्या बऱ्या बॉयलरमधून तितकीच उष्णता घेतली तर सुमारे 0.35 किलोग्रॅम वायू निघतो. आता उष्णता पंपाने विजेच्या साडेतीनपट उष्णता दिली, तर हा आकडा 0.2 वर येतो आणि बॉयलरपेक्षा स्पष्ट लाभ होतो. परंतु तोच पंप चुकीचा बसविला व त्याने दुप्पटच उष्णता दिली, तर हिशेब पुन्हा 0.35 वर येऊन ठेपतो. म्हणजे लाखो रुपये खर्चून, कारखान्याच्या दारावर हरित उद्योगाची पाटी लावून, हवेच्या दृष्टीने काहीच साधले नाही असे होते. जाळ्यात सूर्य व वारा यांपासून होणारी वीज जसजशी वाढेल तसतसा हा हिशेब सुधारेल हे खरे. पण आज बसविलेले यंत्र आजच्याच विजेवर चालावयाचे आहे.

साडेतीनपट की दुप्पट, हे ठरविणारा यंत्र बनविणारा नसतो, बहुधा यंत्र बसविणारा असतो. उष्णता जितकी वर चढवावी तितके श्रम अधिक, हा ऊष्मागतिकीचा नियम आहे. 25 अंश सेल्सिअसच्या हवेतून 60 अंशांचे पाणी करावयाचे असेल तर सिद्धांतानुसार साडेनऊपट उष्णता मिळण्यास हरकत नाही. 80 अंशांचे करावयाचे असेल तर ती मर्यादा साडेसहापटींच्या आत येते. प्रत्यक्षात या मर्यादेचा तिसरा ते निम्मा हिस्सा पदरी पडतो. गिऱ्हाईकाची तक्रार येऊ नये म्हणून मिस्त्री यंत्राचा काटा 60 ऐवजी 80 वर ठेवून निघून जातो, आणि लाभाचा तिसरा भाग तेथेच गळून पडतो. नळ्यांवर उष्णतारोधक वेष्टन नीट न घालणे, पंखा भिंतीला खेटून बसविल्यामुळे त्याने स्वतःचीच थंड हवा पुन्हा ओढणे, जड पाण्याचे क्षार नळ्यांत साचू देणे, यांपैकी एकही दोष यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

हे केवळ तर्काने सिद्ध करण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोकांच्या घरांत बसविलेल्या 83 उष्णता पंपांचे मोजमाप करण्यात आले. काहींनी विजेच्या तिपटीहून अधिक उष्णता दिली, तर काहींची मजल दुपटीपर्यंतही गेली नाही. आराखडा, जोडणी आणि वापर यांतील उणिवा ही त्याची मोठी कारणे ठरली. त्यानंतर बसविणाऱ्यांसाठीचे नियम तेथे कडक करण्यात आले, आणि काही घरांतील जोडणी दुरुस्त करून पुन्हा मोजले तेव्हा बऱ्याच ठिकाणी सुधारणा दिसली. ब्रिटनची थंडी आणि आपला उन्हाळा यांची तुलना होऊ शकत नाही, तेथे घरे तापवावयाची असतात आणि येथे प्रामुख्याने कारखान्यांतील पाणी. पण बसविणाऱ्याच्या हाताचा परिणाम दोन्हीकडे सारखाच होतो.

मग असा प्रश्न येतो की, ज्या कामात चुकीची किंमत इतकी मोठी आहे, त्या कामाला परीक्षेची अट का नाही? उत्तर कलकत्त्याच्या त्या स्फोटात आहे. बॉयलर चुकला तर माणसे मरतात, म्हणून कायदा जागा झाला. उष्णता पंप चुकला तर काहीच घडत नाही. पाणी तापतच राहते. विजेचे देयक थोडे फुगते. दूरच्या कुठल्याशा औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून थोडा अधिक धूर निघतो. ज्या अपराधाचा आवाज होत नाही त्याची चौकशीही होत नाही. यंत्राच्या खरेदीवर अनुदान मिळू शकते, ते वर्षानंतर कसे चालले आहे हे पाहण्यावर कोणी पैसा खर्च करीत नाही, ही रीत सर्वथा उलटी आहे असे म्हणणे भाग आहे.

या बाबतीत दुग्धालयाचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. आणंद असो वा कोल्हापूर, संकलन झालेले दूध 4 अंशांच्या आसपास थंड करावे लागते, आणि निर्जंतुक करताना 72 अंशांवर 15 सेकंद तापवावे लागते. शिवाय भांडी व नळ्या धुण्यास गरम पाणी लागते ते वेगळेच. अनेक ठिकाणी एका खोलीत अमोनियाचे शीतयंत्र दुधातील उष्णता काढून मनोऱ्यावाटे आकाशात सोडीत असते आणि शेजारच्या खोलीत बॉयलर इंधन जाळून उष्णता करीत असतो. भिंतीच्या अलीकडे जो माल फुकट फेकला जातो तोच पलीकडे दाम मोजून विकत आणला जातो. शीतयंत्रातून साधारण 35 अंशांवर बाहेर पडणारी ती उष्णता उष्णता पंपाने उचलली, तर चढ लहान राहतो आणि लाभ मोठा होतो. परंतु हे सुचण्यासाठी दोन्ही खोल्या ओळखणारा माणूस लागतो. शीतयंत्राचा मेकॅनिक बॉयलरच्या खोलीत पाऊल टाकीत नाही, बॉयलरचा अटेंडंट शीतयंत्राकडे फिरकत नाही, आणि व्यवस्थापक दोन्ही देयकांवर निमूटपणे सही करतो.

हे दोन्ही खोल्यांतले ज्ञान ज्याच्यापाशी असेल त्याला काम कमी पडणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वातानुकूलन व प्रशीतनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणारा विद्यार्थी या मार्गावर निम्मा पोहोचलेलाच असतो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, प्रशीतक वायू भरणे, गळती शोधणे, हे त्याला येते. आज तो उन्हाळ्याचे चार महिने दारोदार एअर कंडिशनर दुरुस्त करतो आणि उरलेले महिने हातावर हात ठेवून बसतो. उष्णतेची गरज मात्र बाराही महिने असते. त्याने पाण्याचा प्रवाह मोजणे, नळ्यांचे मोजमाप, वाफेच्या जाळ्यातील गळती आणि साधे उष्णतेचे गणित इतके आत्मसात केले, तर ऋतूवर अवलंबून असलेला मिस्त्री वर्षभराचा तंत्रज्ञ होऊ शकतो. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेल्यांना याहून पुढची वाट आहे. 2001 च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमान्वये ऊर्जा व्यवस्थापक व ऊर्जा लेखापरीक्षक यांच्या परीक्षा घेतल्या जातात. अनुभवी पदविकाधारकालाही त्या वाटेने जाता येते.

प्रशीतक वायूंचे ज्ञान मात्र वरवरचे असून चालणार नाही. ओझोनच्या थराला घातक असलेले वायू 1987 च्या मॉन्ट्रिअल करारानुसार मागे पडत आहेत. 2016 च्या किगाली दुरुस्तीस भारताने 2021 मध्ये मान्यता दिल्यामुळे वातावरण तापविणारे वायूही हळूहळू कमी करावयाचे आहेत. त्यांच्या जागी प्रोपेन येत आहे. तो स्वयंपाकाच्या गॅसचाच एक घटक असून ज्वालाग्राही आहे. येथे मात्र स्फोटाची भीती पुनश्च उभी राहते, आणि कदाचित त्या भीतीपोटी तरी प्रमाणपत्राचा विचार गांभीर्याने होईल. 2019 च्या राष्ट्रीय शीतन कृती आराखड्यात एक लाख सेवा-तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. पाऊल योग्यच होते. परंतु ते शीतनापुरते होते. उष्णतेच्या बाजूला असे काही हवे, आणि ते दोन दिवसांच्या शिबिरावर भागणारे नको, बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेसारखे अनुभव पाहून घेतलेले हवे.

या क्षेत्राचे केवळ गोडवे गाणे तरुणांशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. बहुतेक कंपन्या लहान आहेत. अनुदान आले की कामाची झुंबड उडते, ते थांबले की माणसे कमी केली जातात. सुरुवातीच्या नोकऱ्यांपैकी पुष्कळशा विक्रीच्याच असतात, आणि विक्रेत्याच्या हातात हिशेबाच्या वहीऐवजी रंगीत चित्रांचे माहितीपत्रक असते. शिवाय घरातील वडीलधाऱ्यांना ‘मुलगा कारखान्यात नळ्या जोडतो’ असे सांगण्यापेक्षा ‘कचेरीत बसतो’ असे सांगणे आजही अधिक बरे वाटते. बाष्पयंत्राच्या काळात इंजिन-ड्रायव्हरला जो मान होता त्याची आठवण ज्यांना आहे, त्यांना यातील विसंगती सहज जाणवेल.

म्हणून या उद्योगात शिरू पाहणाऱ्या उमेदवाराने मुलाखतीच्या वेळी पगाराच्या जोडीला आणखी एक चौकशी अवश्य करावी. कंपनीने गेल्या वर्षी बसविलेल्या यंत्रांपैकी किती ठिकाणी विजेचा व उष्णतेचा असे दोन स्वतंत्र मापक लावलेले आहेत, आणि त्यांची नोंद कोण घेतो? उत्तरादाखल नोंदवही दाखविली गेली तर तेथे कमी पगारावरही दोन वर्षे काढावीत. मापकच नाहीत असे कळले तर ती जागा विक्रेत्याची आहे, मग नेमणूकपत्रावर हुद्दा अभियंत्याचा का असेना.