मतं खाल्ली, पण कुणाची?



निवडणूक जवळ आली की ‘वंचित’च्या मतदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची प्रथाच पडली आहे. गेल्या रविवारच्या अंकातल्या लेखानेही तेच केलं. तिसऱ्या पक्षाला मत म्हणजे भाजपला मत, हे वाक्य त्यात तीनदा आलं आणि तिन्ही वेळा पुरावा म्हणून नांदेडचं नाव. नांदेडकरांनी हे किती वर्षं ऐकून घ्यायचं?

लेखातले आकडे खरे आहेत. २०१९ च्या लोकसभेला भाजपचे प्रतापराव चिखलीकर यांना ४,८६,८०६ मतं पडली, काँग्रेसचे अशोक चव्हाण यांना ४,४६,६५८ आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रा. यशपाल भिंगे यांना १,६६,१९६. फरक ४०,१४८ मतांचा. एवढी वजाबाकी शाळेतल्या पोरालाही जमते. पण लेख २०१९ लाच थांबला आणि खरी गोष्ट तर त्यानंतर घडली.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले आणि लगेच राज्यसभेवरही गेले. ज्यांना पाडून म्हणे १,६६,१९६ लोकांनी भाजपची सोय केली, ते स्वतःच भाजपवासी झाले. त्या मतदारांनी दिलेल्या मतामुळे नव्हे, स्वतःच्या निर्णयाने. तरीही विश्वासघाताचा शिक्का मतदाराच्याच कपाळावर.

शहरातल्या तरोडा भागातले एक निवृत्त शिक्षक या १,६६,१९६ जणांपैकी एक. १८ एप्रिल २०१९ च्या सकाळपर्यंत गुरुजींचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. जन्मभर पंजावर शिक्का मारलेला, नंतर पंजाचंच बटण दाबलेला माणूस. भाजपला मत देणं त्यांना पटत नव्हतं आणि काँग्रेसला पुन्हा तेच मत का द्यायचं, याचं उत्तर सापडत नव्हतं. ज्या समाजातून लोकसभेला क्वचितच कुणी उभं राहतं, तिथला एक मराठीचा प्राध्यापक उभा आहे, एवढं एक कारण त्यांना पुरेसं वाटलं. ‘पडेल उमेदवाराला मत घालून वाया कशाला घालवता,’ असं घरात चार वेळा ऐकून घेऊन ते केंद्रावर गेले. निकालानंतर सख्खे जावई म्हणाले, ‘तुमच्यासारख्यांमुळे साहेब पडले.’ पुढची पाच वर्षं सणासुदीलाही हा विषय निघाला. साहेब भाजपमध्ये गेले त्या दिवशी मात्र गुरुजींना कुणाचा फोन आला नाही. ‘चुकलं आमचं’ एवढे दोन शब्द कुणीतरी म्हणायला हवे होते. अजूनही म्हणायला हवेत.

विजयी झालेले चिखलीकर तरी कुठे भाजपमध्ये राहिले? २०२४ ची लोकसभा ते ५९,४४२ मतांनी हरले आणि काही महिन्यांतच अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून लोह्याचे आमदार झाले. आणि खरं सांगायचं तर प्रा. भिंगे यांचंही नाव २०२० मध्ये राज्यपालनियुक्त आमदारांच्या यादीत राष्ट्रवादीच्या कोट्यातून गेलं होतं. ती यादी राजभवनातच पडून राहिली, हा भाग वेगळा. म्हणजे तिघेही उमेदवार २०१९ च्या आपल्या जागेवरून हलले. गुरुजी मात्र होते तिथेच आहेत आणि जाब त्यांनाच विचारला जातो.

‘मतं खाल्ली’ या शब्दातच एक उर्मटपणा आहे. मतं आधी कुणाच्या तरी ताटात वाढून ठेवलेली होती, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. ही मतं काँग्रेसची होती हे कुणी ठरवलं? त्यातली किती मतं काँग्रेसकडे गेली असती, किती भाजपकडे, आणि किती जण घरीच बसले असते, याचा हिशेब कुणी मांडला आहे का? अकोल्यात याच २०१९ च्या निवडणुकीत ‘वंचित’चे प्रकाश आंबेडकर २,७८,८४८ मतं घेऊन दुसरे आले, काँग्रेसचे हिदायत पटेल २,५४,३७० मतांवर तिसरे. तिथे काँग्रेसने ‘वंचित’ची मतं खाल्ली, असं लिहिणारा एकही लेख पाहण्यात नाही. २०२४ ला क्रम उलटला, काँग्रेस दुसरी आणि आंबेडकर तिसरे, आणि लगेच मतविभाजनाची आरडाओरड सुरू झाली. २०१९ लाच, तेव्हाच्या औरंगाबादेत ‘वंचित’च्या साथीने लढलेले इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले, तिथे काँग्रेसचा उमेदवार चौथा होता.

नोटाला मत देणाऱ्याला तरी कुणी असं बोलतं का? मुंबई उत्तर-पश्चिममध्ये २०२४ ला निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला आणि नोटाला १५ हजारांवर मतं पडली. शेजारच्या लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला नोटा २७,५०० मतं घेऊन चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता. नोटाच्या मतदारांना भाजपची ‘बी टीम’ कुणी म्हटलं नाही. कुणीच नको म्हणणारा मतदार चालतो, पण एखादा तिसरा हवा म्हणणारा चालत नाही.

‘वंचित’शी जागावाटपाची बोलणी बंद खोलीत होतात आणि बंद खोलीतच फिसकटतात. २०१९ ला फिसकटली, मार्च २०२४ मध्ये पुन्हा फिसकटली. कोण किती जागांवर अडून बसलं, हे मतदाराला कुणी विचारत नाही. निकाल लागल्यावर मात्र बिल त्याच्याच नावावर फाडलं जातं. एरवीही त्याची आठवण कुणाला असते? नांदेड-वाघाळा महापालिकेची निवडणूक ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली होती आणि काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा जिंकल्या होत्या. मुदत संपली तरी तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. प्रशासकाचा कारभार, नळाला पाणी आलं नाही तर सांगायला नगरसेवकच नव्हता. त्या तीन वर्षांत शहरातल्या एकूण एक मतदाराचं मत वायाच गेलेलं होतं. त्यावर रविवारच्या पुरवणीत एक पानही खर्ची पडलं नाही.

संपादक महोदयांना एक विनंती. पुढच्या निकालानंतर ‘मतविभाजनामुळे पराभूत’ असा तक्ता छापायचाच असेल, तर पाच वर्षांनी तो पुन्हा छापावा. त्यात एक रकाना वाढवावा: पराभूत झालेला उमेदवार आज कोणत्या पक्षात आहे. पहिल्या ओळीत नांदेड घ्यावं.

— एक वाचक, नांदेड