विश्लेषण : माजी सैनिकांच्या रुग्णालयात रॅम्प आणि गटार एकाच नकाशावर का हवेत?

आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटर या दोन मोठ्या लष्करी संस्थांमुळे अहिल्यानगरची ओळख लष्कराचे शहर अशी आहे. येथे लष्करी रुग्णालय आहे आणि माजी सैनिकांसाठी ‘ईसीएचएस’ योजनेचे पॉलिक्लिनिकही आहे. पाथर्डी किंवा जामखेडहून सत्तरी ओलांडलेले माजी सैनिक किंवा एखादी वीरपत्नी सकाळच्या एसटीने नगरला येते. डॉक्टर भेटतात, औषधे मिळतात. पण फाटकापासून ओपीडीपर्यंतच्या शेवटच्या दोनशे मीटरचे काय? कोणत्याही जुन्या रुग्णालयात पावसाळ्यात हीच वाट सर्वाधिक अवघड ठरते. याचे कारण अनेकदा रॅम्पमध्ये नसते, तर पाण्याच्या निचऱ्यात असते.

हा विषय आताच का महत्त्वाचा?

राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. दिव्यांग हक्क नियम, २०१७ मधील नियम १५ मध्ये सुगम्यतेची मानके सांगितली होती, पण त्यांचे स्वरूप शिफारशींचे होते. मूळ कायदा सक्तीचा असताना नियम ऐच्छिक असू शकत नाहीत, असे सांगत न्यायालयाने हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. कोणत्याही परिस्थितीत पाळावीच लागतील अशी किमान मानके तीन महिन्यांत स्वतंत्रपणे निश्चित करा, असे निर्देश केंद्राला दिले. ‘जमेल तसा रॅम्प करू’ ही सवलत या निकालाने काढून घेतली.

कायदा लष्करी आवारालाही लागू होतो का?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४५ नुसार अस्तित्वातील सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम जून २०१७ मधले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच उलटली. २०२१ मध्ये सैन्यातील लढाऊ पदांना या कायद्यातून सूट मिळाली, पण ती नोकरी आणि आरक्षणापुरती आहे. उपचारासाठी येणाऱ्या माणसाच्या वाटेशी तिचा संबंध नाही. शिवाय येथे येणाऱ्यांत वय झालेल्यांचे प्रमाण मोठे असते. प्रमाणपत्र नसले तरी गुडघे, दृष्टी आणि तोल साथ देत नाहीत. ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेला माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

पाण्याचा आणि व्हीलचेअरचा संबंध काय?

जुन्या आवारातील रस्त्यावर दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर टाकला जातो. रस्ता हळूहळू वर येतो आणि इमारतीचे जोते खाली राहते. मोठा पाऊस झाला की पाणी दारातून आत येते. मग कोणीतरी दारात वीत-दीड वीत उंच उंबरा बांधतो. पाणी थांबते, पण त्याबरोबर व्हीलचेअर, स्ट्रेचर आणि काठी टेकत येणारा माणूसही थांबतो.

उलटही घडते. सुगम्यतेच्या निधीतून रॅम्प होतो, पण त्याच्या पायथ्याशी पाणी कुठे जाणार याचा विचार झालेला नसतो. तिथे डबके साचते आणि शेवाळ धरते. रस्ता ओलांडण्यासाठी पदपथाच्या पातळीवर उचललेला पट्टा व्हीलचेअरला सोयीचा असतो, पण वाहत्या पाण्यासाठी तो बंधारा ठरतो. त्याच्या वरच्या अंगाला जाळीचे चेंबर नसेल, तर तळे साचणारच. म्हणजेच पाण्याचा उतार आणि माणसाची वाट हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ते एकाच जमिनीच्या पातळीचे प्रश्न आहेत.

उतार किती असावा?

केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये सुगम्यतेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. रॅम्पचा उतार १ : १२ पेक्षा तीव्र नसावा, हे त्यातील सर्वांना माहीत असलेले सूत्र. ४५ सेंटिमीटर उंचीच्या जोत्यावर चढायचे तर रॅम्प किमान ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. वृद्धांसाठी १ : २० अधिक सोपा, पण त्यासाठी ९ मीटर लागतात. जागा आधी मोजली नाही, तर ठेकेदार तीन मीटरमध्ये रॅम्प ‘बसवतो’. कागदावर काम पूर्ण होते, पण व्हीलचेअर ढकलायला दोन माणसे लागतात.

आडवा उतार तितकाच महत्त्वाचा. पाणी वाहण्यासाठी तो हवा, पण जास्त झाला की खुर्ची एका बाजूला ओढली जाते. १ : ५० या प्रमाणात दोन्ही साधते. १.८ मीटर रुंदीच्या पदपथावर एक कड दुसरीपेक्षा ३६ मिलिमीटर खाली ठेवली की पाणी जाते आणि चालणाऱ्याला ते जाणवतही नाही. मात्र सुतळी आणि लेव्हल न लावता नुसत्या नजरेने हे साधत नाही.

नगरच्या पावसात वेगळे काय?

अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला, तर जिल्ह्याचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी, म्हणून गटारांकडे दुर्लक्ष होते. पण कमी पाऊस म्हणजे सौम्य पाऊस नव्हे. परतीच्या पावसात वार्षिक सरासरीचा मोठा वाटा मोजक्या दिवसांत पडून जातो.

हिशेब सोपा आहे. छप्पर आणि फरसबंदी मिळून एक हेक्टर आवार आहे आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, असे धरू. म्हणजे पाच लाख लिटर पाणी, अर्थात दहा हजार लिटरचे ५० टँकर. दुष्काळात ज्या टँकरची वाट पाहतो, तेवढे पाणी तासाभरात दारात येते. गटाराचा आकार वार्षिक सरासरीवर नव्हे, तर या तासावर ठरवायला हवा. छपराचे पाणी पन्हळीतून थेट वाटेवर न सोडता पाइपने गाळणीकडे आणि तिथून विंधन विहिरीच्या पुनर्भरणाकडे नेले, तर गटारावरचा भारही कमी होतो.

दुसरी अडचण काळ्या मातीची. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट वाळू पसरून पेव्हर ब्लॉक बसवले की दोन पावसाळ्यांत ते वर-खाली होतात. त्यासाठी काळी माती काढून मुरूम आणि खडीचा दाबलेला थर द्यावा लागतो आणि कडेला पक्का आधार हवा. पाणी मुरून माती फुगू नये म्हणून निचराही हवा. म्हणजे गटार चुकले तर फरसबंदीही चुकते.

फरसबंदी कशी हवी?

पादचारी वाटेवर साधारण ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक चालतात, रुग्णवाहिका जाणार असेल तर ८० मिलिमीटरचे हवेत. ब्लॉकच्या कडा जितक्या तिरप्या कापलेल्या आणि सांधे जितके रुंद, तितके हादरे जास्त. मणक्याला इजा झालेल्या व्यक्तीला अशा हादऱ्यांनी पायात पेटके येऊ शकतात. गुळगुळीत ग्रॅनाइट देखणा दिसतो, पण ओला झाला की घात करतो. खरबरीत पृष्ठभागाची फरशी किंवा झाडूने रेघा ओढलेले काँक्रीट स्वस्त आणि सुरक्षित.

गटाराच्या जाळीच्या फटी साधारण १२ मिलिमीटरपेक्षा रुंद नसाव्यात आणि त्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात. उभ्या फटीत खुर्चीचे पुढचे लहान चाक आणि काठीचे टोक अडकते. दृष्टिहीनांसाठीची पिवळी उंचवट्यांची पट्टी झाकणावर, खांबावर किंवा पार्किंगमध्ये जाऊन संपू नये. दारात उंबऱ्याऐवजी वर छप्पर, बाहेरच्या बाजूला उतार आणि दारालगत जाळीची नाली दिली, तर पाणीही अडते आणि वाटही सपाट राहते.

काम नेमके कोणाचे?

लष्करी आवारातील बांधकाम मिलिटरी इंजिनीअर सर्व्हिसेस, म्हणजे ‘एमईएस’ पाहते. फाटकाबाहेर भिंगार परिसरात छावणी परिषद, पुढे महापालिका आणि मुख्य मार्गांवर महामार्ग यंत्रणा. छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या नागरी संस्थांकडे सोपवण्याचे केंद्राचे धोरण आहे. हिमाचलमधील योल येथे २०२३ मध्ये त्याची सुरुवात झाली. हद्द कोणाचीही असो, पाणी ती ओळखत नाही. आतले गटार बाहेरच्या गटारापेक्षा खोल असेल, तर पाणी उलटे आत येते. आतली वाट सपाट आणि बाहेर पदपथच नसेल, तर रिक्षातून उतरलेला माणूस फाटकाबाहेरच अडतो. त्यामुळे थांब्यापासून ओपीडीपर्यंतच्या पातळ्यांचा संयुक्त नकाशा ही पहिली पायरी असायला हवी आणि निविदा त्यानंतर.

काम नीट झाले, हे कसे तपासणार?

दोन चाचण्या पुरेशा आहेत. पहिली, व्हीलचेअरवर बसलेल्या व्यक्तीने फाटक, नोंदणी, ओपीडी, औषध खिडकी, स्वच्छतागृह आणि परत फाटक हा फेरा कोणाच्या मदतीविना पूर्ण करावा. दुसरी, बिल मंजूर करण्यापूर्वी टँकरभर पाणी वाटेवर सोडावे आणि अर्ध्या तासाने डबकी मोजावीत. दोन्ही वेळी अभियंत्यासोबत माजी सैनिक आणि वीरपत्नी हजर असाव्यात. पुण्याजवळ खडकीत १९७४ पासून जवानांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. व्हीलचेअरवर आयुष्य काढणाऱ्या तिथल्या माणसांचा अनुभव कोणत्याही सल्लागाराच्या अहवालाइतकाच मोलाचा ठरेल.

तक्रारीसाठी कायद्याच्या कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असणे बंधनकारक आहे. केंद्राच्या अखत्यारीतील संस्थांबाबत दिल्लीतील मुख्य दिव्यांगजन आयुक्तांकडे, तर राज्य व महापालिकेबाबत पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. तक्रारीसोबत पावसातला एक फोटो आणि मोजपट्टीने घेतलेली उंबऱ्याची उंची जोडावी. ‘गैरसोय होते’ या वाक्यापेक्षा ‘उंबरा १४ सेंटिमीटर आहे’ हे वाक्य नाकारणे कोणत्याही कार्यालयाला अवघड जाते.