संचलन बघायला कुठे उभं राहावं? माझं मत : बसावं!

दर जानेवारीत मला दोन-तीन मैत्रिणींचे फोन येतात. "तू दिल्लीला संचलन बघून आलीस ना? आम्हीही जातोय. कुठली जागा चांगली?" फोनवर सांगून सांगून कंटाळले, म्हणून यावेळी लिहूनच टाकते. म्हणजे जागेचंही सांगून होईल आणि मनात अडकलेली एक गोष्टही बोलून होईल.

माझे वडील, आमचे अण्णा, मराठा लाईट इन्फंट्रीतले. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला शिकले. तरुणपणी एकदा 26 जानेवारीच्या संचलनात त्यांची निवड झाली होती. तेव्हाचा राजपथ, आताचा कर्तव्यपथ. आमच्या लहानपणी ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली असेल. पण त्या गोष्टीला एक शेपूट होतं, ते अण्णा क्वचितच सांगायचे. सलामी मंचाजवळ तुकडी आली की "दाहिने देख" असा हुकूम होतो आणि सगळ्यांच्या माना उजवीकडे वळतात. सगळ्यांच्या म्हणजे, उजव्या टोकाची रांग सोडून. त्या रांगेनं समोरच बघायचं असतं, नाहीतर तुकडीची दिशा कोण ठेवणार? अण्णा नेमके त्या रांगेत. त्यामुळे राष्ट्रपतींच्या पुढ्यातून गेले, पण त्यांना राष्ट्रपती दिसले नाहीत, दुतर्फा बसलेली माणसं दिसली नाहीत, काहीच दिसलं नाही. दिसली ती पुढच्याची पाठ.

माझी लेक नोकरीसाठी नोएडाला गेली तेव्हा तिनं ठरवलं की आजोबांना एकदा समोर बसून संचलन दाखवायचं. तिकिटं काही महाग नसतात. संरक्षण मंत्रालयाच्या 'आमंत्रण' संकेतस्थळावर अलीकडे 20 आणि 100 रुपयांना मिळतात, फक्त ती पटकन संपतात, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. तिला तीन मिळाली. अण्णांनी इस्त्रीचा सदरा, काळी टोपी आणि पदकांची पट्टी काढून ठेवली ती आठ दिवस आधी.

आमच्या नणंदबाईंनी मला टोकलंच. "आपण मुंगीला जपणारी माणसं, तोफा आणि क्षेपणास्त्रं बघायला कशाला जाता?" प्रश्न खोटा नाही, मलाही तो पडतो. पण श्रावकाच्या व्रतात मारायचं म्हणून मारणं वेगळं आणि राखण करताना घडणारी विरोधी हिंसा वेगळी धरली आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आणि खरं सांगू? मी तोफा बघायला गेलेच नव्हते. मी माझ्या बापाला बघायला गेले होते.

आता जागेचं. संचलन सुरू होतं साडेदहाला, पण लोक अंधारातच निघतात. सगळ्यात पुढची खुर्ची हवी तर फाटक उघडताना तिथं हजर पाहिजे. आमची अडचण अशी की अण्णा दिवस उगवल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालत नाहीत, आणि साखरेची गोळी घ्यायची तर पोटात काहीतरी पाहिजेच. दिल्लीत जानेवारीत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमाराला. आत खायचे पदार्थ नेता येत नाहीत, पाण्याची बाटलीही नाही. म्हणून आम्ही फाटकाच्या अलीकडे फूटपाथवर, धुक्यात, कुडकुडत सूर्याची वाट बघितली. मग अण्णांनी दोन दशम्या आणि चटणी खाल्ली, गोळी घेतली आणि आम्ही रांगेला लागलो. तपासणी होऊन आत पोचेपर्यंत पुढच्या रांगा भरलेल्या. आमच्या भागात खुर्च्यांना नंबर नव्हते, जो आधी येईल त्याची खुर्ची. आम्हाला मागून तिसरी रांग मिळाली.

अण्णांची काही तक्रार नव्हती. खुर्च्यांच्या फटीतून रस्त्याचा एक तुकडा दिसत होता. "एवढं पुरे की," म्हणाले.

मग राष्ट्रपती आले, झेंडा फडकला, राष्ट्रगीत सुरू झालं. त्या 52 सेकंदांत 21 तोफांची सलामी बसवलेली असते. सगळे उभे राहिले. अण्णा तर असे ताठ उभे राहिले की गुडघ्याचं दुखणं कुठं गेलं कळेना. राष्ट्रगीत संपलं. आता बसायचं होतं.

पुढची रांग बसलीच नाही.

ती बसली नाही म्हणून दुसरी बसली नाही. दुसरी बसली नाही म्हणून तिसरी. पाच मिनिटांत आमच्या पुढची माणसं खुर्च्यांवर चढली. हातात मोबाईल, हात वर. मी पुढच्या मुलाला म्हटलं, "बेटा, बैठ जाओ, बुजुर्ग हैं." तो भला होता, उद्धट अजिबात नव्हता. म्हणाला, "आंटी, मैं तो बैठ जाऊँ, आगेवालों को बोलिए." आणि त्याचं बरोबरच होतं! तो एकटा बसला असता तर त्याला दिसलं नसतं आणि अण्णांनाही दिसलं नसतं.

यातली गंमत बघा. सगळे बसले असते तर सगळ्यांना जेवढं दिसलं असतं, तेवढंच सगळे उभे राहिल्यावर दिसतं. जास्त कुणालाच काही मिळत नाही. फक्त ज्यांना उभं राहता येत नाही ते वगळले जातात. म्हातारी माणसं, बाळं, कडेवर मूल असलेली बाई, व्हीलचेअरवरची माणसं. ज्यांच्यासाठी खुर्च्या ठेवलेल्या असतात नेमके तेच.

अण्णा बसून राहिले. डोळे मिटून घेतले आणि ऐकायला लागले. टापांचा आवाज आला तसं म्हणाले, "घोडदळ आलं. एकसष्टावी कॅव्हलरी." मग रणगाड्यांची घरघर, मग बँड, मग बुटांचा आवाज. आज एका तुकडीत बारा रांगा आणि रांगेत बारा जण असतात, म्हणजे 144 टाचा एकदम पडतात. अण्णा मांडीवर बोटानं ताल धरून होते. मध्येच म्हणाले, "मागची ओळ जरा ढिली पडली बघ." खरं की खोटं देव जाणे. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता माझीही चूक सांगते, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. चित्ररथ आले तेव्हा महाराष्ट्राचा कुठला म्हणून मी स्वतः खुर्चीवर चढले. आपल्या वारीच्या चित्ररथाला 2015 मध्ये आणि शिवराज्याभिषेकाच्या चित्ररथाला 2018 मध्ये पहिला क्रमांक मिळाला होता, ते डोक्यात होतं. मागून एका बाईचा आवाज आला, "भाभीजी, ज़रा..." वळून बघितलं तर माझ्याच वयाची बाई, शेजारी तिची सासू, मान वाकडी करून बघत होती. मी झटकन उतरले. लाज वाटली. दोन तास मी ज्यांच्यावर मनातून चिडले होते, त्यांच्यातलीच मी एक होते. अपरिग्रह अपरिग्रह म्हणून आपण कपाटातल्या साड्या मोजतो, पण नजरेपुढचा देखावाही आपल्याच वाट्याला जास्त यावा ही हाव सुटत नाही.

शेवटी विमानं आली तेव्हा मात्र सगळ्यांना सारखं दिसलं. अण्णांनी तेव्हाच डोळे उघडले आणि टोपी सावरत वर बघितलं.

तर मैत्रिणींनो, आता जागेबद्दल माझं मत.

एक. सलामी मंचाच्या जवळची जागा मिळाली नाही म्हणून हळहळू नका. तीच तुकडी, तेच घोडे, तेच चित्ररथ विजय चौकाकडून इंडिया गेटकडे जाताना सगळ्यांच्या समोरून जातात. मंचाजवळ जास्त काय असतं, तर झेंडा आणि पदकं. ते टीव्हीवर जास्त जवळून दिसतं.

दोन. बाजूचा विचार करा. मंच दक्षिणेला आहे. उत्तरेकडे बसलात तर जानेवारीतलं सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं, आणि मंचाजवळ असाल तर सलामीच्या वेळी जवानांच्या माना पलीकडे वळलेल्या असतात. अर्थात तिकिटावर जो भाग येईल तो घ्यावाच लागतो, पण टोपी बरोबर ठेवलेली बरी.

तीन. बरोबर म्हातारं माणूस असेल तर मधली खुर्ची घेऊ नका, वाटेच्या कडेची घ्या. पाय मोकळे करता येतात, स्वच्छतागृहाला जाता येतं, आणि कडेला पुढची फट जरा मोठी असते. जमत असेल तर 23 जानेवारीची रंगीत तालीम बघा. संचलन जवळजवळ तेच असतं, फक्त राष्ट्रपती आणि पाहुणे नसतात.

चार, आणि हेच खरं मत. राष्ट्रगीताला उभं राहा, मनापासून उभं राहा. ते संपलं की बसा. तुम्ही पुढच्या रांगेत असाल तर तुमच्या मागच्या वीस रांगांचं दिसणं-न दिसणं तुमच्या हातात आहे. मागच्या रांगेतल्या माणसानं विनवण्या करून काही होत नाही, हे मी अनुभवलंय. हे काम पुढच्यांनीच करायचं. पोलीस सांगतील, स्वयंसेवक सांगतील म्हणून वाट बघू नका. समोरून जाणारी पोरं कित्येक आठवडे थंडीत पहाटे सराव करून एका रेषेत चालायला शिकलेली असतात, आणि आपल्याला एका रेषेत बसता येऊ नये?

हे फक्त दिल्लीपुरतं नाही. मुंबईचं शिवाजी पार्क असो, आपल्या जिल्ह्याचं पोलीस मैदान असो, नाहीतर नातवाच्या शाळेचं पटांगण असो, सगळीकडे हेच घडतं. पुढचा एक उभा राहतो आणि मागची आजी घरी जाऊन सांगते, "छान झालं हो," न बघता.

परतताना मेट्रोत मला रडू आलं. एवढ्या लांब आणलं आणि काही दाखवता आलं नाही. अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला. "अगं, रडतीस कशाला? तवातरी मला कुठं दिसलं होतं!"

ते हसले. मला हसता आलं नाही. यंदा अण्णा म्हणतात, घरीच टीव्हीवर बघू. सकाळी दहाला सतरंजी टाकणार आहे. राष्ट्रगीताला सगळे उभे राहू, आणि मग सगळे खाली बसू. अण्णा पुढे, आम्ही मागे.

जय जिनेंद्र.